विषय ख्रिस्ती धर्माचा, खुर्ची परीक्षकाची

वादविवाद स्पर्धेच्या परीक्षकाला फोन येतो तो साधारण चार दिवस आधी. ‘मॅडम, येण्याजाण्याचं आम्ही बघतो, जेवण आहे, आणि विषय जरा नाजूक आहे.’ नाजूक म्हणजे धर्म, हे आता मला पाठ झालं आहे. प्लास्टिकबंदीवर गुण द्यायला कुणालाही बसवता येतं. पण ‘ख्रिस्ती धर्मामुळे समाजाचं हित झालं’ असा विषय असला की परीक्षक सभागृहात शिरतो तोच निकाल खिशात घेऊन. कुणी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला असतो, त्याला तिथल्या सिस्टर आठवतात. कुणाच्या गोव्याकडच्या घरात कुलदैवत रातोरात नदीपलीकडे हलवल्याची हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली असते. कुणी स्वतःच वसईचा, रविवारची मिस्सा न चुकवणारा.

अशा खुर्चीत पहिल्यांदा बसणार असाल तर आधी घरी सराव करा. सरावाला मी नेहमी एकच सभा सुचवते. १९ ऑक्टोबर २००९, लंडन. इंटेलिजन्स स्क्वेअर्ड या संस्थेनं भरवलेला जाहीर वाद, विषय ‘कॅथलिक चर्च ही जगातली एक हितकारी शक्ती आहे’. ठरावाच्या बाजूनं नायजेरियातल्या अबुजाचे तेव्हाचे आर्चबिशप जॉन ओनायेकन आणि तेव्हाच्या ब्रिटिश खासदार ॲन विडिकम. विरोधात नास्तिक लेखक-पत्रकार ख्रिस्तोफर हिचेन्स आणि ब्रिटिश नट-लेखक स्टीफन फ्राय. अध्यक्ष झैनब बदावी. जागा वेस्टमिन्स्टरचा मेथडिस्ट सेंट्रल हॉल, म्हणजे कॅथलिकांचा न्याय करायला सभा भरली ती प्रोटेस्टंटांच्या घरी! चित्रीकरण यूट्यूबवर आहे. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा वही घेऊन बसा.

ठराव आधी फोडून घ्या

लंडनच्या ठरावातले शब्द सुटे करून वहीत एकाखाली एक लिहा. ‘कॅथलिक चर्च’ म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे. ती संस्था आहे. तिला प्रमुख आहे, तिजोरी आहे, हुकूम काढण्याची रीत आहे, आणि संस्थेला जाब विचारता येतो. त्यामुळे विरोधकांनी पोपच्या एखाद्या निर्णयावर बोट ठेवलं तर ते तिथे थेट विषयाला धरून होतं. तोच मुद्दा ‘ख्रिस्ती धर्म’ असा ठराव असताना कुणी मांडला, तर पोपचा निर्णय प्रोटेस्टंटांच्या खात्यावर का टाकायचा, हे वक्त्यानं सांगायला हवं. नाही सांगितलं तर मुद्दा अर्धाच धरा.

दुसरा शब्द ‘आहे’. ठराव वर्तमानकाळी आहे. म्हणजे अकराव्या शतकातल्या धर्मयुद्धांपाशी थांबणाऱ्या वक्त्यानं, त्याचा आजच्या चर्चशी धागा कसा जुळतो तेही दाखवायला हवं. आणि नेमकं हेच बाजूच्या वक्त्यालाही लागू: चौथ्या शतकातल्या रुग्णालयांवर आजचं प्रमाणपत्र मिळत नाही.

तिसरा शब्द छोटा, ‘एक’. बाजूच्या वक्त्यांना चर्च ही एकमेव किंवा सर्वांत मोठी हितकारी शक्ती आहे असं सिद्ध करायचं नव्हतं. विरोधक जर ‘चर्चशिवायही चांगुलपणा असतोच की’ एवढंच म्हणत राहिले, तर त्यानं ठराव पडत नाही.

आपल्याकडे घोळ वेगळाच असतो. विषय येतो ‘ख्रिस्ती धर्म : शाप की वरदान?’ अशा थाटात. त्यात सिद्ध काय करायचं, कुणी करायचं, कुठल्या समाजाबद्दल, काहीच ठरलेलं नसतं; दहा वक्ते दहा वेगळ्या विषयांवर बोलून जातात. फोन आला की लगेच संयोजकांना सांगा, विषय ठरावाच्या वाक्यात करून द्या आणि ‘समाज’ म्हणजे कुठला ते एका ओळीत लिहा. चार दिवस आहेत, ऐकतात.

तुमचं मत कागदावर

सभेच्या आदल्या रात्री या विषयावरचं स्वतःचं मत चार ओळींत लिहून काढा, कागदाची घडी घाला आणि पर्समध्ये ठेवा. हा काही साधनेचा प्रकार नाही. लिहिलं की मत दिसतं, आणि दिसलं की त्याच्यावर पाळत ठेवता येते.

हे मला उशिरा सुचलं. माझ्या पहिल्याच परीक्षणात एक मुलगा मिशनच्या शाळांबद्दल बोलत होता. दोन वाक्यं बोलला आणि अडखळला. पुढचं सगळं मला माहीत होतं, मी मनातल्या मनात त्याचा मुद्दा पूर्ण केला आणि गुण दिले पूर्ण मुद्द्याला. बक्षीस समारंभानंतर दुसरे परीक्षक, माझ्याहून बरेच ज्येष्ठ, हळूच म्हणाले, ‘बाई, तो मुद्दा त्यानं मांडला की तुम्ही?’ त्या दिवशीचं जेवण गोड लागलं नाही.

तेव्हापासून नियम एवढाच: व्यासपीठावर उच्चारलं गेलं तेच मोजायचं. उत्तर तुम्हाला येत असेल, आणि या विषयात ते नेहमीच येत असतं, तरी समोरच्या बाजूनं ते दिलं नाही तर ते अस्तित्वात नाही.

वही आखताना

पान आडवं धरा. वक्ते जितके, तितके रकाने. पहिल्या वक्त्याचा मुद्दा पहिल्या रकान्यात आणि त्याला कुणी उत्तर दिलं तर त्याच ओळीत त्या वक्त्याच्या रकान्यात, मध्ये बाण. उत्तर न मिळालेल्या मुद्द्याभोवती गोल. शेवटी गोल मोजले की निम्मं काम झालं. सुंदर वाक्यं लिहून घेऊ नका; ती लक्षात राहतातच, आणि तोच त्यांचा धोका.

लंडनच्या सभेत हा बाणांचा खेळ छान दिसतो. ओनायेकन आधी बोलले, शांतपणे, चर्चच्या जगभरच्या सेवाकार्याबद्दल. मग हिचेन्स उठले आणि त्यांनी यादी वाचायला घेतली: चर्चनं स्वतःच ज्यांबद्दल माफी मागितली आहे त्या गोष्टींची. धर्मयुद्धं, इन्क्विझिशन (पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणारी चर्चची न्यायालयं), ज्यूंचा छळ, स्त्रियांवरचा अन्याय, दक्षिण अमेरिकेतली सक्तीची धर्मांतरं. डाव पाहा. आरोप सिद्ध करण्याची मेहनत वाचली, कारण आरोपी कबुली देऊन बसलेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली जाहीर क्षमायाचना केली होती, त्यामुळे ‘हे घडलंच नाही’ म्हणायला जागा नाही.

यावर बाजूच्या वक्त्यांना चांगलं उत्तर होतं: चूक कबूल करणारी संस्था ही सुधारणारी संस्था असते, आणि अशी कबुली किती राजसत्तांनी दिली? तुमच्या वहीत हा बाण कितपत भक्कम उमटतो ते स्वतः ऐकून ठरवा. मी तो तुमच्यासाठी काढून देत नाही. नाहीतर तुमचीही गत त्या मुलाच्या परीक्षकासारखी व्हायची.

जमा कुणाच्या खात्यावर?

या विषयातलं सगळ्यात अवघड, आणि म्हणून गुण देण्यासारखं काम इथे असतं. ‘ख्रिस्ती माणसांनी चांगलं केलं’ आणि ‘ख्रिस्ती धर्मामुळे चांगलं झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. वाईटाबद्दलही तेच. नवखे वक्ते पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतात आणि नवखे परीक्षक मारू देतात.

गुलामगिरीचं उदाहरण हमखास येणार. बाजूचा वक्ता ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्सचं नाव घेईल: इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) ख्रिस्ती, आयुष्यभर झगडला, ब्रिटिश संसदेनं १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला, १८३३ साली साम्राज्यातली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. विरोधक तयारीचा असेल तर म्हणेल की १८४५ साली अमेरिकेतले दक्षिणेकडचे बॅप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) उत्तरेकडच्यांपासून वेगळे झाले ते गुलामगिरीच्याच वादावरून, आणि मालकांच्या हातातही बायबलच होतं. या दक्षिणी बॅप्टिस्टांनी माफी मागितली ती १९९५ साली. दोघांची माहिती खरी. आता बघायचं हे, की एकच ग्रंथ दोन्हीकडे असताना निर्णायक काय ठरलं, हे कोण समजावून सांगतो. जो नुसती आपली यादी लांबवतो त्याला माहितीचे गुण द्या, तर्काचे देऊ नका.

मराठी व्यासपीठावर हाच पेच जोतीराव आणि पंडिता रमाबाईंच्या रूपानं येतो. जोतीराव फुले पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बाजूचा वक्ता इथे पूर्णविराम देईल. विरोधक म्हणेल, शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी आपला सत्यशोधक समाज काढला. आणि मग बाजूचा शहाणा वक्ता म्हणेल की ठराव धर्मांतराबद्दल नाहीच, ज्यांना इतर दारं बंद होती त्यांना एक दार कुणी उघडलं याबद्दल आहे. बघा, तीन पावलांत वाद कुठून कुठे आला. एवढं ऐकायला मिळालं तर पेन खाली ठेवून दाद द्यावीशी वाटते. (देऊ नका. परीक्षकाची मान हलली की पुढचा वक्ता तिकडेच बघून बोलायला लागतो.)

पंडिता रमाबाई तर दोन्ही बाजूंच्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं ते अमेरिकेतल्या ख्रिस्ती सहानुभूतिदारांच्या पैशावर. पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींसाठी केडगावचं मुक्ती सदन. भक्कम जमा. पण संस्कृत त्या शिकल्या घरी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कुटुंबात; कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळाली १८७८ साली; पुण्यात आर्य महिला समाज काढला १८८२ साली. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधी. विरोधकानं या तारखा नीट मांडल्या तर ‘रमाबाई घडल्या त्या ख्रिस्ती धर्मामुळे’ हा मुद्दा डळमळतो. मात्र ‘केडगाव उभं राहिलं ते ख्रिस्ती धर्मामुळे’ हा डळमळत नाही. एवढा बारीक फरक जो वक्ता बोलून दाखवतो त्याच्या नावापुढे मी चांदणी काढते.

याच्या जोडीला दुसरा प्रश्न: कशाच्या तुलनेत? मिरजेचं मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल नसतं तर तिथे काय असतं? सरकारी दवाखाना, वैद्य, की काहीच नाही? तुलना न करता ‘हित झालं’ म्हणणं म्हणजे एकाच पारड्याचा तराजू. तुलनेचा प्रश्न कुणीच काढला नाही तर तुम्हीही मनात काढू नका. फक्त निकाल सांगताना तो राहून गेल्याचं बोला.

खरी टक्कर कुठे झाली

चांगल्या वादात एखादी जागा अशी येते की दोन्ही बाजू एकाच वाक्यावर उभ्या असतात. ती जागा शोधा, तिच्यावर सगळ्यात जास्त वजन टाका.

लंडनमध्ये ती गुलामगिरीवरूनच आली. विडिकम यांचं म्हणणं होतं की त्या काळी तसं सगळेच वागत होते, चर्चला आजच्या फूटपट्टीनं मोजू नका. बचाव म्हणून हे चालण्यासारखं आहे. पण फ्राय यांनी तेच वाक्य उचललं: नीती-अनीतीचं शाश्वत सत्य आपल्याकडे आहे असं सांगणारी संस्था जर ‘तेव्हा कुणालाच कळत नव्हतं’ म्हणत असेल, तर मग तुम्ही आहात कशासाठी? याला म्हणायचं खंडन. नवी माहिती एक नाही, आवाज चढवणं नाही. समोरच्याचा बचाव त्याच्याच दाव्याला भिडवला. तुमच्या गुणपत्रिकेत ‘खंडन’ असा रकाना असेल तर भरभरून द्यायची जागा ही.

वर्षभरानं, २६ नोव्हेंबर २०१० रोजी, टोरांटोत हिचेन्स विरुद्ध ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर असा सामना झाला. तेव्हा ठराव होता एकूण धर्म हितकारी असल्याचा. ब्लेअर यांनी उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातली दरी सांधण्याच्या कामाचा दाखला दिला. हिचेन्स यांनी विचारलं, मुळात ती दरी आली कुठून? जातकुळी तीच. दोन्ही जागा लागोपाठ ऐकल्यात तर खंडन आणि नुसता विरोध यांतला फरक कानाला कळायला लागतो.

हशा

फ्राय विनोदी नट. शरीरसंबंधांबद्दल चर्चला वाटणाऱ्या धास्तीची तुलना त्यांनी अन्नाचा ध्यास घेतलेल्या माणसांशी केली, तेव्हा सभागृह त्यांचंच झालं. परीक्षकानं हसावं, जरूर हसावं. हसून झाल्यावर विचारावं: या विनोदात मुद्दा होता का? इथे होता. पुष्कळदा नसतो.

त्याहून जपायची गोष्ट म्हणजे स्वानुभव. फ्राय समलिंगी आहेत आणि चर्चच्या शिकवणीचा आपल्यासारख्यांवर काय परिणाम होतो हे ते स्वतःच्या तोंडानं सांगत होते. आपल्याकडे अशीच एखादी मुलगी उठून सांगते की तिच्या आजीला मिशनच्या दवाखान्यात ठेवून घेतलं, जेव्हा गावातल्या कुणी शिवायला तयार नव्हतं. सभागृह स्तब्ध. अनुभव खोटा ठरवायचा नाही, पण एक माणूस म्हणजे समाज नव्हे. अनुभवावरून समाजापर्यंत जाणारा पूल वक्त्यानं बांधला का, एवढं बघा.

उलट ओनायेकन यांच्यासारखा वक्ता येतो तेव्हाही सावध राहा. इंग्लिश सभागृहातल्या टोमण्यांची सवय नसलेला धर्मगुरू, सौम्य, प्रवचनाच्या वळणानं बोलणारा. त्यांचं म्हणणं कमी नाट्यमय होतं म्हणून कमी वजनाचं होतं का? आंतरराष्ट्रीय शालेय वादविवादांत आशयाला ४०, शैलीला ४० आणि डावपेचांना २० गुण असतात. असा तक्ता हातात असेल तर शैलीचा हिशेब शैलीतच संपतो, आशयात शिरत नाही. आपल्याकडच्या ‘एकूण प्रभाव’ नावाच्या रकान्यात मात्र सगळं एकत्र शिजतं. शक्य असेल तर तो काढायला लावा.

चुकीची माहिती आली तर

येणारच. एक नमुना: ‘सेंट झेवियरनं गोव्यात इन्क्विझिशन चालवलं.’ झेवियर वारले १५५२ साली, गोव्याचं इन्क्विझिशन सुरू झालं १५६० साली. मात्र १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून त्यांनी त्याची मागणी केली होती, हे खरं. म्हणजे वक्त्याचं वाक्य चुकीचं, पण त्यामागचा आरोप अगदीच हवेतला नाही. अशा वेळी समोरच्या बाजूनं चूक पकडली तर तिला गुण द्या. नाही पकडली तर तुम्ही मधूनच उठून इतिहासाचा तास घेऊ नका. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुठल्याही माणसाला खोटी वाटेल अशी थाप असेल तरच स्वतःहून गुण कापा. बाकीची दुरुस्ती कार्यक्रम संपल्यावर, चहाच्या वेळी, त्या मुलाला बाजूला घेऊन.

द्वेषाचं बोलणं आणि माहितीची चूक या वेगळ्या गोष्टी. समोर बसलेल्या ख्रिस्ती श्रोत्यांना उद्देशून ‘तांदळासाठी बाटलेले’ असं कुणी म्हणालं तर तो मुद्दा नाही, शिवी आहे. अध्यक्षांना खूण करा, थांबवा. धर्मांतर आणि दुष्काळातली मदत यांच्या संबंधावर प्रश्न विचारणं हा मुद्दा आहे. तो कितीही बोचरा असो, ऐका.

हात वर करून मत घेतलं तर

काही सभांत परीक्षकाच्या जोडीला श्रोत्यांचं मतदान असतं, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. लंडनमध्ये आधी बाजूनं ६७८, विरोधात १,१०२, तळ्यात-मळ्यात ३४६. नंतर बाजूनं २६८, विरोधात १,८७६, तळ्यात-मळ्यात ३४. आकडे बोलके आहेत, पण बेरीज करा. आधीची मतं २,१२६, नंतरची २,१७८. म्हणजे ५२ मतं जास्तीची. एवढ्या मोठ्या फरकात त्यांनी काही बिघडत नाही. तुमच्या दोनशे जणांच्या सभागृहात उशिरा आलेली एक बस निकाल उलटवू शकते. दारं बंद करून मोजा.

टोरांटोचे आकडे याहून शिकवणारे. शेवटी ६८ टक्के हिचेन्स यांच्या बाजूनं, ३२ टक्के ब्लेअर यांच्या. वाटतं, धुव्वा उडाला. पण सुरुवातीलाच ५७ आणि २२ टक्के होते, २१ टक्के अनिश्चित. हिचेन्स यांनी मिळवले ११, ब्लेअर यांनी १०. जवळजवळ बरोबरी! म्हणून ‘कोण जिंकलं’ विचारलं तर शेवटचा आकडा सांगू नका, सरक सांगा, म्हणजे मतं किती हलली ते. आणि सरकेचीही लबाडी असते: आधी मुद्दाम उलट मत देऊन नंतर ‘मन बदललं’ म्हणणारे महाभाग सगळ्या देशांत आहेत.

या मतदानातून धर्माबद्दल काहीही सिद्ध होत नाही. त्या संध्याकाळी, त्या चौघांत, कुणी जास्त पटवलं, एवढंच.

निकाल सांगताना

तीन मिनिटं पुरतात. ‘दोन्ही बाजू उत्तम’ हे वाक्य कटाक्षानं टाळा. मुलं एवढ्या लांबून ते ऐकायला आलेली नसतात. ठराव काय होता, टक्कर कुठे झाली, तिथे कुणाचं उत्तर टिकलं आणि कुठला मुद्दा अनुत्तरित राहिला, या क्रमानं बोला. ‘ठरावाची बाजू विजयी’ म्हणा, ‘ख्रिस्ती धर्म विजयी’ असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पुरवणीत तोच मथळा होतो.

नंतर कुणीतरी येतंच, बहुधा पहिल्या रांगेतले गृहस्थ. ‘मॅडम, ते सगळं ठीक, पण तुमचं स्वतःचं मत काय?’ मी पर्समधला कागद काढत नाही. चहा कुठे आहे विचारते.

निघण्याआधी गुणपत्रिका पुन्हा बघा. खाडाखोड असेल तिथे सही करा, बेरीज दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घ्या, आणि मूळ प्रत संयोजकांना देण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. या विषयावर तक्रारीचा फोन आठवडाभरानंतरही येतो.